पन्हळी रस्त्यावरची शिराझ

वाइनला उजेड चालत नाही, ऊन चालत नाही, हादरे तर मुळीच चालत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात या तिन्ही गोष्टी मुबलक आणि फुकट मिळतात. तरी माझ्या साडूंनी ॲडलेडहून ऊडनाडाटा ट्रॅकला निघताना गाडीत डझनभर बाटल्या भरल्या. जुलै महिना होता. तिकडे तेव्हा हिवाळा, त्यामुळे ऊन तेवढं माफ होतं.

साडू ॲडलेडला स्थायिक झाले आणि वाइनचे जाणकार झाले. पुण्यात असताना उसाच्या रसाकडेही संशयाने बघणारा हा माणूस आता ग्लासात नाक खुपसून, “ओल्या चामड्याचा वास येतोय,” असं समाधानाने सांगतो. आमच्याकडे असा वास आला की चपला बाहेर नेऊन ठेवतात.

सामान भरायचा सोहळा आदल्या रात्रीपासून सुरू झाला. प्रत्येक बाटली लोकरी मोज्यात. मोजे माझ्या बायकोने माझ्यासाठी, थंडी असते म्हणून, मुद्दाम आणलेले. मग साडूंनी मला शास्त्र समजावलं : गाडीच्या मधल्या भागात हादरे कमी बसतात, मागच्या चाकांच्या मागे सर्वांत जास्त. म्हणून बाटल्या मधल्या सीटवर आडव्या झोपल्या, पट्टा लावून. मी मागे बसलो. अधिक महिन्यातल्या जावयाचीसुद्धा एवढी बडदास्त मी पाहिलेली नाही.

डांबर संपलं आणि पन्हळी रस्ता सुरू झाला. मॅरी ते मार्ला हा ट्रॅक ६०० किलोमीटरहून थोडा जास्त. सैल मातीच्या रस्त्यावर चाक एका उंचवट्यावरून उडतं, पुढे आपटतं, तिथली माती ढकलून नवा उंचवटा करतं. पुढची गाडी त्यात आपली भर घालते. असं करत करत रस्त्याला आडव्या लाटा पडतात. गाडी हळू चालवली तर प्रत्येक लाट कण्यात मोजता येते. वेगात नेली तर चाकं लाटांच्या माथ्यांवरून तरंगतात, पण मग स्टिअरिंग हे फक्त धरायला उरतं. साडूंनी उतरून चारही चाकांतली हवा कमी केली. त्याने थोडं बरं वाटलं. बाटल्यांना.

मोज्यांतल्या काचेला काही झालं नाही. सोड्याचे ॲल्युमिनियमचे डबे मात्र एकमेकांवर घासून भोकं पडून मोकळे झाले, ते माझ्या बॅगेवर. बुचं हलण्याची भीती नव्हती, कारण बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण होतं. २००० साली क्लेअर व्हॅलीतल्या काही वाइनवाल्यांनी ठरवून आपली रीसलिंग ही पांढरी वाइन या झाकणाच्या बाटल्यांत भरली, तेव्हा रसिकांनी नाकं मुरडली होती. त्यांनी एकदा या रस्त्याने यावं. शिवाय बूच उघडायचा स्क्रू घरी विसरण्याची सोयही त्या झाकणाने कायमची संपवली.

खरं भांडण फ्रिजवरून झालं. गाडीतल्या १२ व्होल्टच्या फ्रिजवर मेहुणीचं राज्य : दही, कोथिंबीर, मिरच्या, श्रीखंडाचा डबा. साडूंनी दह्याशेजारी एक रीसलिंग सरकवली. पुढच्या थांब्याला ती बाहेर आली.

“रीसलिंग आंबली तर?”

“दही आंबलं तर? भावोजी, तुम्हीच सांगा.”

मी खिडकीबाहेर उंट शोधू लागलो. शेवटी पांढऱ्या वाइन बर्फाच्या पेटीत गेल्या.

उंटांचा विषय मॅरीतच निघाला होता. हे एकेकाळचं उंटवाल्यांचं गाव. खजुराची झाडं अजून उभी आहेत आणि मातीची मशीद पुन्हा बांधून ठेवली आहे. १८६० साली मेलबर्नहून खंड ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या मोहिमेचे उंट लँडेल्स नावाच्या गृहस्थाने कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून, जहाजाने आणले होते. त्यांच्याबरोबर ६० गॅलन रम होती. उंटांसाठी. उंटांची तब्येत रमने चांगली राहते, असं लँडेल्सचं ठाम मत. वाटेत ती रम मेंढ्या कातरणाऱ्यांच्या हाती लागली, त्यांची तब्येत फारच सुधारली, बर्कने रम मागे टाकायचा हुकूम सोडला आणि लँडेल्स राजीनामा देऊन परतले. वाळवंटात दारू नेण्याच्या इतिहासात एवढा तत्त्वनिष्ठ माणूस दुसरा झाला नसेल. साडू त्याच्याबद्दल बोलताना हळवे होतात.

विल्यम क्रीकला तंबू ठोकला. गाडी थांबेपर्यंत कोणी थेंब घेत नाही, हा साडूंचा नियम, आणि तो मात्र शंभर टक्के मान्य. पिठलं शिजत होतं. बर्फ वितळून पेटीतल्या बाटल्यांची लेबलं सुटली होती. एक काकडीला चिकटलेलं सापडलं. त्या उघड्यावाघड्या बाटल्यांतून साडूंनी एक आत्मविश्वासाने निवडली. ती निघाली जेवणानंतर घोटभर घ्यायची गोड, घट्ट मस्कट. पिठल्याबरोबर मस्कट हा अनुभव मी कोणालाच देऊ इच्छित नाही.

लाल शिराझचा वेगळाच प्रश्न. ती १६–१८ अंशांना प्यावी म्हणतात आणि बाहेर पारा पाचाकडे निघालेला. साडू ती कुशीत घेऊन स्लीपिंग बॅगेत शिरले. मेहुणी माझ्या बायकोला म्हणाली, “ताई, मला सर्दी झाली होती तेव्हा हा हॉलमध्ये झोपला होता.”

शेजारच्या तंबूत एक म्हातारं जोडपं होतं. त्यांनी गाडीच्या टपावरून एक चंदेरी पिशवी लोंबकळत सोडली होती आणि खालच्या नळाने ग्लास भरत होते. साडूंनी मान फिरवली. पण ही पिशवी याच दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याची. रेनमार्कच्या टॉमस अँगोव्ह यांनी १९६५ साली खोक्यातल्या पिशवीतली वाइन पहिल्यांदा आणली. तेव्हा नळ नव्हता. कोपरा कापायचा, ओतायचं आणि चिमटा लावायचा. वाइन कमी होते तशी पिशवी आकसते, आत हवा शिरत नाही, म्हणून ती कित्येक आठवडे टिकते. फुटत नाही, वाजत नाही, मोजे मागत नाही. संपल्यावर फुंकून उशी होते. आजोबांनी मला ग्लास दिला. ओल्या चामड्याचा वास अजिबात नव्हता. मी दुसरा घेतला.

साडूंनी तिसऱ्या ग्लासापाशी तत्त्व सोडलं. “फक्त अभ्यास म्हणून” असं म्हणाले.

पुढे सुमारे १६५ किलोमीटरवर कूबर पेडी. ओपल रत्नांच्या या गावातली निम्म्याहून अधिक माणसं जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. बाहेर काहीही असो, आत वर्षभर जवळजवळ एकच तापमान. साडू या मुक्कामाची वाट बघत होते : निसर्गाने दिलेलं वाइनचं तळघर! खोलीत शिरताच त्यांनी तापमापक लावला. २४.

“छे! हे फार होतं,” ते खचून म्हणाले.

“आणि माणसांना?” मेहुणीने विचारलं.

“माणसांना ठीक आहे.”

“मग बॅगा आण आत.”

“सगळ्या?” साडूंनी विचारलं.