खाली, खाली, वर

रत्नागिरीत भाट्याचा पूल ओलांडून संध्याकाळी सुरूच्या बनाकडे गेलात की गिटार ऐकू येते. गाणं नाही, नुसती गिटार. वाजवणाऱ्याचं वय अठरा ते अडतीस यांच्यामधलं कुठलंही. उजवं मनगट सैल सोडलेलं, नजर समुद्राकडे. तुम्ही चाहूल न देता निघून जावं म्हणता, तेवढ्यात हाक येते, "काका, थांबा. हा ऐका, हा नवीन आहे."

हा पॅटर्नवाला. लीड गिटारवाले वेगळे. ते डोळे मिटून वरच्या पट्टीत तारा खेचतात, गॅदरिंगला टाळ्या घेतात आणि कॉलेज सुटलं की बँकेत लागतात. पॅटर्नवाला रिदमचा. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात रिदम गिटार वाजवणारे भानू गुप्ता हे त्याचं दैवत. जी, सी, डी आणि ई मायनर एवढ्या कॉर्डवर त्याचा संसार चालतो. एफ आला की तो कॅपो लावून वळसा घालतो. डावा हात त्याच्या लेखी घरगडी, सगळी बुद्धी उजव्यात. 'डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप' हा पॅटर्न जगात सगळ्यांना येतो आणि ढीगभर हिंदी गाणी त्यावर निभतात, हे त्याचं खरं दुःख.

शास्त्र मात्र पक्कं आहे पठ्ठ्याचं. हात थांबवायचा नाही. खाली-वर, खाली-वर चालूच. कुठे तारांना लागू द्यायचा आणि कुठे नुसता हवेतून न्यायचा, एवढाच खेळ. चार मात्रांत अशा आठ जागा. प्रत्येक जागी हात लागला किंवा हुकला, म्हणजे एकूण पॅटर्न 256. ते सगळे त्याने दहावीच्या मराठीच्या वहीत मागच्या बाजूने बाण काढून मांडलेत. वहीच्या पुढच्या बाजूला वृत्तांचे गण पाडताना लघु-गुरूचा जो घोळ झालाय, तो वेगळा. मी म्हटलं, "अरे, पिंगलाने छंदःशास्त्रात लघु-गुरूंचा प्रस्तार असाच मांडलाय." तो खूश झाला. मग विचारतो, "पण ते अपस्ट्रोक धरायचे का?"

256 पैकी एकात हात आठही वेळा हुकतो. त्याच्या आजीला तोच सगळ्यांत आवडतो. एरवी ती विळीवर बसल्या बसल्या म्हणते, "मेल्या, हात फुकट हलतोच आहे, तर ही दोन भकलं खवून दे." पुढे चारऐवजी आठ मात्रा धरल्या, जागा सोळा केल्या, तर आकडा 65,536 वर जातो असा त्याला शोध लागला. घरच्यांनी तेव्हापासून हाय खाल्ली आहे.

पॅटर्न सापडतातही कुठे कुठे! आंबा घाटातून उतरणाऱ्या एसटीचा एक वायपर पूर्ण फिरतो आणि दुसरा अर्ध्यात कुरकुरतो, त्याचा झाला 'आंबा घाट'. बंदरात लागताना ट्रॉलरचं इंजिन धरतं-सोडतं, तो 'मिरकरवाडा'. 'हातखंबा' जरा अवघड. त्यात ठोका अपेक्षित जागी येत नाही, नको तिथे येतो आणि कंबरेत बसतो. मुंबईहून महामार्गाने आलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

त्याचं म्हणणं असं, की जमैकाच्या रेगेवाल्यांनी दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवर जोर देऊन जग जिंकलं, अमेरिकेतल्या बो डिडलीच्या नावाने 1955 पासून एक अख्खा ठोका ओळखला जातो, मग रत्नागिरीनेच काय घोडं मारलंय? मी त्याला फ्रेडी ग्रीनची गोष्ट सांगितली. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात हा माणूस 1937 मध्ये शिरला आणि 1987 मध्ये वारला. जवळजवळ 50 वर्षं बहुतेक एकच काम: मात्रेला एक, असे सरळ चार ठोके. सोलोच्या वाटेला क्वचित गेला असेल. पॅटर्नवाला हळहळला. म्हणाला, "त्या वेळी यूट्यूब नव्हतं ना!"

पावसाळ्यात त्याचे हाल बघवत नाहीत. खाऱ्या, ओल्या हवेने तारा गंजतात, लाकूड फुगतं. गावभरच्या चपलांच्या दुकानांतून सिलिका जेलच्या पुड्या मागून आणून तो गिटारच्या पिशवीत कोंबतो. पिक हरवलं तर मुदत संपलेल्या एटीएम कार्डातून नवं कापतो. मुदत खरंच संपली आहे का, हे दर वेळी बघतोच असं नाही. वडील त्या विषयावर बोलत नाहीत.

पण खरी वरात निघते ती गणपतीत. गेल्या साली आमच्या वाडीत भजनाला हा गिटार घेऊन पखवाजवाल्या बुवांच्या शेजारी बसला. पेटी काळी दोनमध्ये, याचा कॅपो जाग्यावर, सगळं जुळलेलं. पहिल्याच अभंगाला याने 'हातखंबा' काढला. टाळकरी बिचकले, पेटीवाल्याने मान वर केली, एक आजोबा चुकून मध्येच "मंगलमूर्ती मोरया" म्हणाले. ज्या मधल्या जागेसाठी याने वर्षभर रात्री जागवल्या, तिथे कोपऱ्यातला सातवीतला पोरगा जांभई देत झांज वाजवत होता. बुवांनी पखवाजाला कणीक थापता थापता शांतपणे सांगितलं, "बाळा, तुझं नवीन ते उद्या काढ. आज नुसता समेवर ये."

मग नाइलाजाने तो साधं वाजवायला लागला. खाली, खाली, वर. गजर चढत गेला, लय दुप्पट झाली, आणि याचा हात कुठेही न अडखळता बुवांच्या मागोमाग पळत राहिला. मंडळी घामाघूम झाली. प्रसाद वाटताना शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आज काय सुरेख वाजवलंस रे! नवीन शिकलास वाटतं?"

त्यानंतर चार दिवस तो कोणाशी बोलला नाही.

तर तुमच्याकडे हळद असो, बारसं असो, त्याला जरूर बोलवा; पैसे घेत नाही. फक्त गाणं आधी ठरवा आणि गाणारा असा आणा, जो याच्यासाठी थांबणार नाही. चहा मात्र गाणं संपल्यावरच द्या. आधी दिलात तर बशीवर चमचा वाजवत 257 वा शोधत बसेल.