यक्षाला मुभा, परीराजाला मज्जाव

नागपुरात धरमपेठेकडच्या अनेक घरांत ‘नीट’ परीक्षेच्या जाडजूड गाइडाआड तितकेच जाडजूड एक इंग्रजी पुस्तक दडलेले असते, आणि त्याच्या मुखपृष्ठावरील काटेरी वेली व सोनेरी अक्षरे पाहूनच वडीलधारी मंडळी त्याचा निकाल लावून टाकतात. ‘यंग अ‍ॅडल्ट फँटसी रोमान्स’, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठी रचलेली, अद्भुत सृष्टीत घडणारी प्रेमकथा, असा हा प्रकार असून, स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ (२००५) या कादंबरीचा रक्तपिपासू नायक शंभरी ओलांडूनही शाळेतच असतो, हे पालकांना विशेष खटकते.

मात्र ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे शेजारचे रामटेकच, हे संस्कृत पंडित वा. वि. मिराशी यांनी केलेले प्रतिपादन याच मंडळींना अभिमानाने तोंडपाठ असते आणि तेथील कालिदास स्मारकाला सहकुटुंब भेट दिली जाते. त्या काव्याचा नायक कामात हयगय केल्याबद्दल धनी कुबेराने वर्षभरासाठी हद्दपार केलेला यक्ष, म्हणजे अर्धदैवी जातीचा प्रेमवीर असून, विरहाने तो इतका रोडावतो की मनगटावरचे सोन्याचे कडे गळून पडते, आणि अखेर आषाढातल्या ढगालाच तो पत्ता समजावून सांगू लागतो. परंतु हे सारे संस्कृतात असल्याने आणि त्यावर मल्लिनाथाची टीका असल्याने अभिजात ठरते. उलट, अशाच अद्भुत प्रेमकथा लिहिणाऱ्या सारा जे. मास यांच्या कादंबऱ्यांतील पाचशे वर्षांच्या परीराजाला असा भाष्यकार लाभण्यास काही शतके जातील, आणि त्याचे आयुर्मान पाहता तेवढे थांबणे त्याला सहज परवडेल.