हरणं परवडतं

अकाउंटंट : माझा प्रश्न एवढाच आहे सर, जिंकायची काही गरज होती का?

क्रीडाशिक्षक : काय करता साहेब, समोरच्या पोरांना रिंगच सापडंना.

अकाउंटंट : मग आपल्या पोरांनी तरी जरा समजून घ्यावं! प्राचार्यांची मंजुरी एका दिवसाची. सकाळी नांदेडहून पहिली एसटी; लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. दुपारी सामना. सामना झाला की आल्या वाटेनं परत. १४ माणसांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि एका दिवसाचा भत्ता. सगळं कसं बसवून ठेवलं होतं! आणि तुम्ही तीन दिवस तिथंच ठाण मांडून.

क्रीडाशिक्षक : एका दिवसाची मंजुरी म्हणजे पहिल्याच सामन्यात हरायची मंजुरी.

अकाउंटंट : असं कुठं लिहिलंय?

क्रीडाशिक्षक : लिहिलं नाही, पण बेरीज तीच निघते. बाद पद्धतीची स्पर्धा. पहिल्या दिवशी पाच संघ हरले आणि संध्याकाळच्या गाडीनं आपापल्या गावी जेवायला गेले. त्यांची बिलं कोणी अडवली नसतील. जो हरत नाही तो तिथंच राहतो, दोन वेळा जेवतो, आणि शेवटी चषक घेऊन तुमच्यापुढं आरोपीसारखा उभा राहतो.

अकाउंटंट : चषकाचं निघालंच आहे तर, हे काय? लगेज तिकीट?

क्रीडाशिक्षक : चषक मोठा आहे. कंडक्टर म्हणाला, मांडीवर घ्या नाहीतर तिकीट काढा. मांडीवर आधीच बॅगा होत्या.

मामा : (चहा ठेवत) उपविजेत्याचा लहान असतोय. मांडीवर बसला असता.

अकाउंटंट : ऐका! आपल्या शिपायाला कळतं. बरं, पहिल्या दिवशी कोणाला हरवलंत?

क्रीडाशिक्षक : कोणालाच नाही. आम्हाला बाय मिळाला.

अकाउंटंट : म्हणजे?

क्रीडाशिक्षक : संघ आले १३. तेरांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून तिघांना पहिली फेरी न खेळताच पुढं पाठवतात. चिठ्ठी आमची निघाली.

अकाउंटंट : म्हणजे न खेळता पुढं गेलात.

क्रीडाशिक्षक : हो.

अकाउंटंट : आणि जेवलात.

क्रीडाशिक्षक : पोरं न खेळताही जेवतात, साहेब.

अकाउंटंट : दुसऱ्या दिवशी तरी खेळलात का?

क्रीडाशिक्षक : सकाळी वॉकओव्हर. समोरचा संघ आलाच नाही.

अकाउंटंट : का हो?

क्रीडाशिक्षक : त्यांना अकाउंटंट तुमच्याहून हुशार मिळाला. तुम्ही हरून या म्हणता, त्यानं संघ पाठवलाच नाही.

अकाउंटंट : (कौतुकानं) कोणत्या कॉलेजला असतात ते?

क्रीडाशिक्षक : संध्याकाळी उपांत्य सामना. ४० मिनिटं संपली, गुण बरोबरीत. मग ५ मिनिटांचा ओव्हरटाइम.

अकाउंटंट : ओव्हरटाइमला पूर्वपरवानगी लागते.

क्रीडाशिक्षक : पंचांनी दिली.

अकाउंटंट : तसंच अनिर्णित सोडून देता आलं नसतं का? क्रिकेटात सभ्य माणसं पाच-पाच दिवस खेळून सोडून देतात.

क्रीडाशिक्षक : बास्केटबॉलमध्ये तसं नसतं. निकाल लागेपर्यंत पाच-पाच मिनिटं वाढवत नेतात.

अकाउंटंट : म्हणजे हरायची आणखी एक संधी चालून आली होती, तीही घालवली! बरं, मैदानात खेळतात किती? पाच. तुम्ही नेले किती? बारा. सात जण नुसते बसायला?

क्रीडाशिक्षक : पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. पाय मुरगळला की बाहेर. त्याच्या जागी कोणीतरी लागतो. आणि साहेब, या ऑफिसात खुर्च्या सात आहेत. आत्ता त्यातल्या खेळताहेत किती?

मामा : मी तर चहा आणलाय.

अकाउंटंट : विषय बदलू नका. रेल्वेनं का नाही गेलात? स्वस्तात झालं असतं.

क्रीडाशिक्षक : नांदेडहून लातूरला सरळ रूळ कुठं आहेत? लोहा-अहमदपूरवरून रेल्वे आणा, ही मागणी ऐकत आपले केस पिकले. गाडी जाते ती पूर्णा, परभणी, गंगाखेड, परळी, लातूर रोड असा गावभर वळसा घालून.

अकाउंटंट : परळी लागतं? मग तर सोन्याहून पिवळं! उतरून वैजनाथाचं दर्शन घ्यायचं.

क्रीडाशिक्षक : आणि मागायचं काय?

अकाउंटंट : पहिल्या फेरीत पराभव. मुलींच्या संघाचं बघा. २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट. तेवढ्याच पोरी, भाडं निम्मं. याला म्हणतात संघ.

क्रीडाशिक्षक : त्याही जिंकल्या.

अकाउंटंट : अर्ध्या तिकिटात जिंकल्या. गुन्हा अर्धा. तुमच्या पोरांना सवलत काही नाही?

क्रीडाशिक्षक : वय ७५ पूर्ण असेल तर फुकट आहे. पुढच्या वर्षी तसाच संघ काढतो. उड्या जरा कमी पडतील, पण हरण्याची हमी.

अकाउंटंट : त्यात २०२५ च्या जानेवारीत भाडं वाढलं १४.९५ टक्क्यांनी.

क्रीडाशिक्षक : १५ म्हणायला लाज वाटली असेल. पण आपल्या कॉलेजचा भत्ता कुठं वाढला? दिवसाला दीडशे रुपये. सकाळी सुशीला, दुपारी अर्धी राइस प्लेट, संध्याकाळी भजी. भज्यांवर उपांत्य सामना जिंकलेला संघ आहे हा.

अकाउंटंट : विद्यापीठानं सगळ्या स्पर्धा नांदेडलाच ठेवाव्यात. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ इथं विष्णुपुरीला आहे, गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. जेवणाचा प्रश्नच मिटला.

क्रीडाशिक्षक : विद्यापीठ चार जिल्ह्यांचं आहे. लातूर, परभणी, हिंगोलीच्या अकाउंटंटांनी काय पाप केलंय? आणि लंगरचं म्हणाल तर आपली सचखंड एक्स्प्रेस बघा. वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी थेट डब्यापाशी येऊन वाढतात. माहीतगार लोक घरून ताट घेऊन बसतात.

अकाउंटंट : मग लातूरला सचखंडनंच जायचं ना!

क्रीडाशिक्षक : ती अमृतसरला जाते.

अकाउंटंट : जाऊ द्या हो. जेवण तर होतं! मुळात हा खेळच महागडा निवडलात तुम्ही.

क्रीडाशिक्षक : महागडा? १८९१ मध्ये अमेरिकेत हिवाळ्यात पोरं आवरेनात, म्हणून नेस्मिथ नावाच्या मास्तरनं तो काढला. फळांच्या दोन टोपल्या वर ठोकल्या, झालं. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळं गोल झाला की चेंडू काढायला शिडी लावायची.

अकाउंटंट : टोपल्या नव्या आणल्या?

क्रीडाशिक्षक : इमारतीच्या रखवालदाराकडून मागून घेतल्या.

अकाउंटंट : याला म्हणतात क्रीडाशिक्षक!

क्रीडाशिक्षक : आता त्याच अमेरिकेत कॉलेजच्या पोरांची स्पर्धा मार्चात असते. टीव्हीच्या हक्कांतून कोट्यवधी डॉलर येतात. लांबचे संघ विमानानं जातात, भाडं स्पर्धा भरवणारी संघटना भरते.

अकाउंटंट : हरलेले परत येतात ते कशानं?

क्रीडाशिक्षक : विमानानंच.

अकाउंटंट : मग हरून फायदा काय!

क्रीडाशिक्षक : एक बातमी ऐकून तुम्हाला बरं वाटेल. आपली दोन पोरं विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातील. भाडं विद्यापीठाचं.

अकाउंटंट : वा! मग तिथं त्यांनी हवं तितकं जिंकावं. माझी काही हरकत नाही.

क्रीडाशिक्षक : पूर्वी अशा प्रवासाला रेल्वे खेळाडूंना पाऊणपट सवलत द्यायची. २०२० च्या मार्चात ती थांबली. करोना गेला, सवलत काही परत आली नाही. खेलो इंडिया, पण तिकीट पुरं काढून.

अकाउंटंट : तिकिटावरून आठवलं. ही बघा तुम्ही जोडलेली तिकिटं. कोरी! एक अक्षर नाही यांच्यावर.

क्रीडाशिक्षक : एसटीच्या मशीनची तिकिटं आहेत ती. त्या कागदावरची छपाई ऊन लागलं की उडते. मी दिली तेव्हा नांदेड, लातूर, भाडं, वेळ, सगळं ठळक होतं. तुम्ही फाइल तीन महिने खिडकीत ठेवली.

अकाउंटंट : कोऱ्या कागदावर मी पैसे देऊ शकत नाही.

क्रीडाशिक्षक : साहेब, आमच्यात २४ सेकंदांचा नियम आहे. चेंडू ताब्यात आला की २४ सेकंदांत रिंगकडं टाकायचा. नुसता धरून बसलात, तर काढून घेतात आणि समोरच्याला देतात. माझं बिल तीन महिने तुमच्या हातात आहे.

अकाउंटंट : मग देऊन टाका समोरच्याला!

क्रीडाशिक्षक : समोर मीच आहे.

अकाउंटंट : बरं, थट्टा पुरे. वरच्या दोन दिवसांचे ४,२०० रुपये तिथं कोणी भरले?

क्रीडाशिक्षक : चौदा जणांनी तीनशे-तीनशे काढले. त्यातल्या एका पोराच्या बापानं यंदा सोयाबीन विकून त्याला बूट घेऊन दिलेत. हमीभाव कागदावर ५,३२८, त्याला आडतीवर मिळाले चार हजार. एक क्विंटल सोयाबीन म्हणजे बुटांचा एक जोड. त्या पोरानं वर आणखी तीनशे दिले. परवा भेटला तेव्हा विचारत होता, सर, आपलं बिल निघालं का?

अकाउंटंट : मग बापाला परवडत नाही तर खेळतो कशाला? अभ्यास कर म्हणावं. लातूरला जाऊन लातूर पॅटर्न बघून यायचा. चषक काय आणता!

क्रीडाशिक्षक : बघितला ना. पहिल्या रात्री खोली शोधत फिरलो. घरमालकानं विचारलं, नीटची पोरं की जेईईची? बास्केटबॉलची म्हटल्यावर म्हणाला, आम्ही दोन वर्षांच्या बोलीवर देतो, तीन दिवसांसाठी नाही. शेवटी यजमान कॉलेजच्या वर्गात सतरंज्या टाकल्या. फळ्यावर हृदयाची आकृती होती, चारी कप्पे नावासकट. पोरं तिच्याकडं पाय करून झोपली.

अकाउंटंट : घरमालकाचं बरोबरच आहे. माझा मुलगा दोन वर्षं तिथंच होता.

क्रीडाशिक्षक : ठाऊक आहे. किती गेले?

अकाउंटंट : ते वेगळं.

क्रीडाशिक्षक : वेगळं कसं? सगळं हिशोबातच चाललंय आपलं. किती?

अकाउंटंट : शिकवणी, खोली, मेस धरून साडेचार लाख.

क्रीडाशिक्षक : आणि नंबर?

अकाउंटंट : नाही लागला.

क्रीडाशिक्षक : म्हणजे तुमचं पोरगं साडेचार लाखांत हरून आलं आणि माझी पोरं साडेतेरा हजारांत जिंकून आली.

अकाउंटंट : सर! माझ्या मुलाचं नाव काढायचं काम नाही!

मामा : हे बरं नाही बोललात, सर.

अकाउंटंट : रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायचा तो. काय बोलायलाव तुम्ही! तो काय हौसेनं हरला?

क्रीडाशिक्षक : हौसेनं कोणीच हरत नाही. तेच तर मघापासून सांगतोय. तुम्हाला तुमच्या पोराचं लागलं, मला माझ्या बारांचं लागतं.

अकाउंटंट : आणि तुम्हाला वाटतं, मी इथं बसून मजेनं बिल अडवतो! प्रवेशाच्या वेळी प्रत्येक पोराकडून क्रीडा शुल्क घेतो, पावती माझ्याच सहीची असते. पण ते पैसे खेळासाठी राखून ठेवणं माझ्या हातात आहे का? वरून चिठ्ठी येते. यंदाचं क्रीडा हेड कमानीत गेलं.

क्रीडाशिक्षक : कमानीत?

अकाउंटंट : गेटवरच्या. रोज तिच्याखालून येता की!

क्रीडाशिक्षक : आपल्या मैदानावरच्या रिंगला जाळी नाही, साहेब. चेंडू आत गेला की बाहेरून गेला, यावरून रोज भांडणं होतात. आणि कमान बांधली?

अकाउंटंट : मला कशाला ऐकवता? हे वर जाऊन बोला.

क्रीडाशिक्षक : वर बोलायला गेलो की ते म्हणतात, अकाउंटंटला भेटा.

मामा : (एक कागद पुढं करत) साहेब, हे संस्थेच्या ऑफिसातून आलंय. फ्लेक्सचं बिल. आजच्या आज काढा म्हणालेत.

क्रीडाशिक्षक : कसला फ्लेक्स?

मामा : तुमच्याच अभिनंदनाचा की! चौकात लागलाय.

क्रीडाशिक्षक : पोरं आहेत का त्याच्यावर?

मामा : हौ ना, आहेत की. खाली, डाव्या कोपऱ्यात. वर अध्यक्ष, सचिव, त्यांचे चिरंजीव अन् वाढदिवसाला असतात ते बाकीचे सगळे. पोरं जरा बारीक दिसायलेत, पण चषक ओळखू येतोय.

क्रीडाशिक्षक : रक्कम?

अकाउंटंट : सहा हजार.

क्रीडाशिक्षक : तिकिटं जोडलीत?

अकाउंटंट : फ्लेक्सला तिकीट लागत नाही. फोटो जोडलाय.

क्रीडाशिक्षक : कुठल्या हेडला टाकणार?

अकाउंटंट : ते विचारू नका.

क्रीडाशिक्षक : कुठल्या?

मामा : साहेब, आटपा. माणूस खाली गाडी चालू ठेवून थांबलाय.

अकाउंटंट : (सही करत) क्रीडा. कमानीतून तेवढेच उरले होते.

क्रीडाशिक्षक : प्रसिद्धीचं हेड वेगळं आहे ना आपल्याकडं?

अकाउंटंट : आहे. पण याच्यावर खेळाडूंचा फोटो आहे. बसा सर, उठू नका. चहा निवला. तुमच्यासाठी एक वाट काढता येईल. प्रवास म्हणूच नका. प्रसिद्धी म्हणा. त्या हेडला पैसे आहेत.

क्रीडाशिक्षक : चौदा माणसं एसटीनं लातूरला तीन दिवस प्रसिद्धीला गेली होती?

अकाउंटंट : कॉलेजचं नाव छापलेल्या जर्स्या घालूनच गेली होती ना?

क्रीडाशिक्षक : हो.

अकाउंटंट : मग झालं की! जर्स्यांची पावती जोडा.

क्रीडाशिक्षक : जर्स्या पोरांनी आपापल्या पैशांनी शिवल्यात.

अकाउंटंट : मग बारा पावत्या आणा. आणि सर, कोऱ्या नको बरं का.