माळ्यावरचा हनुमान

परदेशी जाऊन आलेल्या पेणकराने काय आणायचं, याचे नियम ठरलेले आहेत. चॉकलेटं आणायची, ती पुढे फ्रीजमध्ये पांढरी पडेपर्यंत 'पाहुण्यांसाठी' ठेवली जातात. सेंटच्या बाटल्या, नेलकटर, टॉर्च आणायचे. मेव्हण्यासाठी काय आणायचं ते त्याला फोनवर विचारायचं, पण मोठ्याने नाही. फक्त जपानात विकले गेलेले, पंचवीस वर्षांपूर्वीचे, जपानी लिपीतले आणि आपल्या विजेवर न चालणारे व्हिडिओ गेम या यादीत बसत नाहीत, हे मला घरातून वेळोवेळी सांगण्यात आलेलं आहे. मी ऐकून घेतो आणि पुढच्या खेपेला बॅगेत दोन शर्ट कमी भरतो.

नोकरी धाटावच्या एमआयडीसीत. कारखान्यातलं एक यंत्र जपानी आहे आणि त्याची समजूत काढायला अधूनमधून कोणीतरी ओसाकाला जावं लागतं. साहेबांना वाटतं मी हौसेने पुढे होतो ते यंत्रासाठी. ओसाकात निप्पोनबाशी नावाच्या भागात 'डेन डेन टाउन' आहे, हे त्यांना कोणी सांगू नये. तिथे गल्लीच्या गल्ली जुन्या गेमच्या दुकानांनी भरलेल्या आहेत, आणि संध्याकाळी सहानंतर यंत्राची समजूत काढता येत नाही.

गेम कंपन्यांनी फार पूर्वी जगाच्या वाटण्या करून घेतल्या. जपान एक, अमेरिका दुसरा, युरोप तिसरा. एका वाट्याची डिस्क दुसऱ्याच्या मशीनला चालायची नाही. काही गेमांच्या बाबतीत तर 'हे बाहेर कोणाला कळणार' असं म्हणून ते घराबाहेर काढलेच नाहीत. मला नेमके तेच हवे असतात. भारत या वाटणीत कुठे होता? बराच काळ कुठेच नव्हता, आणि त्यात आमचा फार फायदा झाला.

माझ्या लहानपणी पेणमध्ये तासाच्या भाड्याने जो 'व्हिडिओ गेम' मिळायचा, तो 'सामुराय' किंवा तसल्याच नावाचा डबा असायचा. त्यात खुपसायची ती कॅसेट. चालली नाही की काढायची, फुंकायची, पुन्हा खुपसायची. पुढे इंजिनिअर झाल्यावर कळलं की फुंकण्याने काही होत नाही, उलट थुंकीने पिना गंजतात. पण तेव्हा चालायची, त्यामुळे मी विज्ञानाचं म्हणणं अर्धंच मानतो. तर त्या कॅसेटला पिना साठ. निन्टेन्डोने 15 जुलै 1983 ला जपानात 'फॅमिकॉम' आणला, त्याच्याही साठच. तेच यंत्र अमेरिकेला पाठवताना त्यांनी पिना बहात्तर केल्या आणि वर परका माल रोखणारी चिप बसवली. आमचे डबे फॅमिकॉमची नक्कल होते. म्हणजे जो गेम अमेरिकेतल्या पोराला लाख रडून मिळाला नसता, तो पेणच्या पोराला मिळत होता, तोही शेजाऱ्याकडून उसना. विना परवाना, विना व्हिसा आम्ही जपानात मोडत होतो.

पहिली मोठी शिकार केली ती 'देन्शा दे गो'ची. हा आगगाडी चालवायचा गेम. ताइतो कंपनीने 1996 मध्ये तो तिकडच्या गेम पार्लरमध्ये आणला आणि पुढच्या वर्षी प्लेस्टेशनवर. पळवणं, आपटणं, उडवणं यात काही नाही. आपण मोटरमन. गाडी वेळेत सोडायची, वेगमर्यादा पाळायची, रुळावर माणसं काम करत असतील तर भोंगा द्यायचा आणि फलाटावर नेमून दिलेल्या खुणेशी थांबवायची. किती उरलं ते शेवटी सेंटिमीटरमध्ये दिसतं. पुढे गेलात, गुण गेले. उशीर झाला, गुण गेले. घाबरून जोरात ब्रेक लावलात, आतले लोक धडपडले, गुण गेले. हे सगळं नीट करता यावं म्हणून वेगळा रिमोट निघाला होता: एक दांडा वेगाचा, एक दांडा ब्रेकचा. मला तो भंगाराच्या टोपल्यात सापडला. तिथल्या दुकानांत 'जंक' म्हणून वेगळा कोपरा असतो. चालेल याची हमी नाही, परत घेणार नाही, आणि तरीही प्रत्येक वस्तू पुसून, पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवलेली. आपल्याकडे नवीन माल एवढा पुसत नाहीत.

परदेशी पाहुण्याने पाच हजार येनच्या वर खरेदी केली की दहा टक्के कर माफ. माझी खरेदी तीन हजारांच्या आसपास. कर वाचवण्यासाठी मी आणखी दोन हजारांचे गेम उचलले. त्यातला एक माहजोंगचा निघाला, एक घोड्यांच्या शर्यतीचा आणि एक पाचिंकोचा. जपानातल्या प्रत्येक भंगार टोपल्याच्या तळाशी हे तीन गेम असतातच. बायकोने हिशेब ऐकला आणि म्हणाली, "अहो, म्हणजे तीनशे येन वाचवायला दोन हजार घातले?" तिला करप्रणाली कळत नाही.

मुंबईच्या विमानतळावर बॅग यंत्रातून गेली आणि अडली. अधिकाऱ्याने दोन दांड्यांचा तो डबा वर काढला.

"हे काय?"

"आगगाडी चालवायचा रिमोट."

"कुठली आगगाडी?"

"तोक्योची. यामानोते लाइन."

त्याने पासपोर्ट उघडला, जन्मस्थान वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "मग पेण-रोहा चालते का यावर?"

"नाही साहेब. एक्स्प्रेसला वाट द्यायला बाजूला उभं राहायची सोय नाही यात."

त्याने डबा बॅगेत परत ठेवला. बहुधा त्याची सासुरवाडी नागोठण्याची असावी.

आता वीज. जपानात घरात शंभर व्होल्ट, आपल्याकडे दोनशे तीस. तिथलं मशीन इथल्या सॉकेटला थेट लावलं तर एकदाच चालतं. मी वायंडिंगवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ गिरणीच्या मोटारी आणि शेतावरचे पंप भरून देतो. "शंभर व्होल्ट?" तो म्हणाला, "एवढ्यात तर पंखापण अंग हलवत नाही." तरी त्याने ट्रान्सफॉर्मर बनवून दिला. मशीनला लागतात पंधरा-वीस वॅट. त्याने हिशेब धरला पिठाच्या गिरणीचा. तो ट्रान्सफॉर्मर दोघांनी उचलावा लागतो, चालू केला की गुणगुणतो, आणि पावसाळ्यात त्याच्यावर मोजे वाळतात. घरच्यांनी माझ्या छंदातली एवढी एकच वस्तू मनापासून स्वीकारली आहे.

हा सगळा सरंजाम एका मे महिन्यात मी रोह्याला आत्याकडे नेला, कारण तिचा टीव्ही मोठा. आत्याने ऐंशी ओलांडली आहे. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, त्यामुळे रेल्वेसंबंधी शेवटचा शब्द आपला, अशी तिची समजूत आहे. मी यामानोते लाइनवर गाडी काढली. पहिलं स्टेशन आलं, खुणेपाशी थांबलो, दारं उघडली, मिटली, निघालो.

"अरे, निघालास काय! लोक चढले का?"

"चढले आत्या. वेळ झाली होती."

"वेळ झाली म्हणून काय झालं? जिन्यावर कोणीतरी असणारच."

पुढच्या स्टेशनात मी काही सेकंद उशिरा पोहोचलो. पडद्यावर लाल आकडे आले, गुण कापले गेले. किती उशीर झाला ते आत्याने विचारलं, मी सांगितलं. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माणसांना कामधंदा नाही." मग तिने स्वतः दांडा हातात घेतला. गाडी प्रत्येक स्टेशनात तिच्या अंदाजाने सगळे चढेपर्यंत थांबली. तोक्योच्या इतिहासात एवढी माणुसकीची लोकल धावलेली नसेल. गेमने तिला तिसऱ्या स्टेशनात नोकरीवरून काढलं.

दुसरा गेम मात्र तिला पसंत पडला. 'बोकु नो नात्सुयासुमी', म्हणजे माझी उन्हाळ्याची सुट्टी. सन 2000 चा, प्लेस्टेशनचा, आणि जपानाबाहेर कधी अधिकृतपणे न निघालेला. 1975 चा ऑगस्ट. नऊ वर्षांचा शहरातला मुलगा महिनाभर गावाकडे मावशी-काकांच्या घरी राहायला येतो. सकाळी रेडिओच्या तालावर कवायत, मग ओढ्यावर मासे, झाडावरचे भुंगे पकडून त्यांच्या कुस्त्या लावणं, जेवायला हाक आली की घरी, रात्री वहीत चित्र. एकतीस ऑगस्टला सुट्टी संपते, गेम संपतो. जिंकायचं काही नाही. विक्रेत्यांना वाटलं असेल की हे बाहेर कोणाला कळणार. आत्याला जपानीचं एक अक्षर येत नाही. तिला सगळं कळलं.

"ती बाई रागावलीय त्याला. काळोख पडल्यावर आला ना, म्हणून." थोड्या वेळाने, "त्या मोठ्या मुलीच्या मनात काहीतरी आहे, ती सांगत नाहीये." आणि मग, "हा तूच आहेस. फक्त हा ताटातलं सगळं खातो."

मी दुपारी झोपलो. उठलो तेव्हा आत्याने गेममधले तीन दिवस काढले होते आणि शेजारच्या काकू 'मासा लागला का?' विचारायला दोनदा येऊन गेल्या होत्या.

सगळंच असं गोडीगुलाबीचं नसतं. 'ताकेशी नो चोसेन्जो' हा 1986 चा फॅमिकॉमचा गेम. पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून जगात गाजलेल्या ताकेशी कितानोने तो आखला होता, आणि खेळणाऱ्याचा छळ करणं हा त्याचा उघड हेतू होता. एके ठिकाणी दुसऱ्या रिमोटच्या माईकमध्ये खरंखुरं गावं लागतं. एके ठिकाणी नकाशा उमटावा म्हणून रिमोटला तासभर हात लावायचा नाही. साठ पिनांमुळे कॅसेट माझ्या जुन्या डब्यात मजेत बसली, पण नकलेच्या रिमोटला माईक कुठला? मी टीव्हीसमोर मोकळ्या आवाजात गायलो. गेमवर परिणाम झाला नाही, शेजारी दूधवाल्याला थोडा उशीर झाला. तासभर काही न करण्याचा भाग तरी जमेल असं बायकोचं मत होतं. तोही जमला नाही; चाळीस मिनिटांनी दिवे गेले.

अशाच एका शिकारीत डेन डेन टाउनच्या एका दुकानात एक उंच गोरा मनुष्य भेटला. गुडघ्यावर बसून टोपल्या उपसत होता. मला बघून उठला, "इंडिया?" मी मान डोलावली. त्याने डोळे मोठे केले आणि म्हणाला, "हनुमान!" परक्या मुलखात भक्त भेटला म्हणून मी हात जोडले. त्यानेही जोडले. मग फोन काढून फोटो दाखवला तेव्हा कळलं की त्याला प्लेस्टेशन टूचा गेम हवा आहे.

'हनुमान: बॉय वॉरियर'. 2009 साली हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केलेला, सोनीने काढलेला, भारतात घडलेला पहिला कन्सोल गेम. त्याच सुमारास हैदराबादच्याच गेमशास्त्रने 'देसी अड्डा' केला. त्यात कबड्डी होती. 2010 मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आला, म्हणजे गल्लीतलं क्रिकेट. 2011 मध्ये 'चंद्रगुप्त'. सगळे भारतीय बाजारासाठी. जगात प्लेस्टेशन टू म्हातारं होऊन बाजूला बसलं होतं, आपल्याकडे त्याची लग्नाची बोलणी चालू होती. गेम म्हणून 'हनुमान' सुमार आहे, परीक्षकांनी त्याला धुऊन काढलं. अमेरिकेतल्या एका हिंदू संघटनेने तो मागे घ्या म्हणून निवेदनही काढलं होतं. देवाला रिमोटवर नाचवणं बरोबर नाही, असा मुद्दा. हे मी पेणमधल्या एका मूर्तिकाराला सांगितलं. त्याच्या कारखान्यात तेव्हा एक गणपती क्रिकेटची बॅट घेऊन उभा होता आणि एक पिळदार दंडांवर शिवलिंग पेलून. तो ब्रश न थांबवता म्हणाला, "गिऱ्हाईक सांगेल तसं करावं लागतं." पेणचा गणपती बोटीने न्यू जर्सीला जातो आणि तिथेही तसाच पावतो, त्याला कुठल्या वाट्याचं कुलूप नाही. आमच्या गावाला या सगळ्या भानगडीचं नवल वाटावं तरी कसं?

तर मी जग पालथं घालत होतो जपानी सुट्टीसाठी, आणि हा गोरा मनुष्य गुडघे झिजवत होता आमच्या मारुतीसाठी. परत आल्यावर मी पेण आणि रोहा विंचरून काढलं. पेणमध्ये पूर्वी सीडी भाड्याने देणारा एक जण आता आधारचे प्रिंट काढून देतो. "हनुमान?" म्हणाला, "चालीसा आहे. एमपीथ्री." रोह्यात एकेकाळी प्लेस्टेशन पार्लर चालवणाऱ्याने खोकंभर डिस्क समोर ओतल्या. सगळ्या घरी कोरलेल्या, वर मार्करने नावं. त्याचं मशीन चिप मारलेलं. जपान, अमेरिका, युरोप, त्याला सगळं सारखं. "साहेब, पन्नास रुपयांत अख्खं जग मिळायचं," तो म्हणाला, "चारशे नव्याण्णवचा मारुती कोण घेणार? आणि कबड्डी? कबड्डी काय रिमोटवर खेळायची गोष्ट आहे?" रोहा तालुक्यात या प्रश्नाला उत्तर नाही. गावोगाव मैदान आखलेलं, पोरं मातीत लोळतायत, तिथे अंगठ्याने चढाई करणाऱ्याला घरच्यांनी डॉक्टरकडे नेलं असतं. अस्सल डिस्क तेव्हा कोणी घेतल्या नाहीत, म्हणून आज त्या ओसाकात नाहीत तशा रोह्यातही नाहीत.

पण कोणीतरी एकाने घेतलीच असणार. कोणाच्या तरी दुबईच्या काकाने, कोणाच्या तरी मुंबईच्या मामाने, दहावी पास झाल्याबद्दल. म्हणून पेण, रोहा, नागोठणे, कोलाड आणि झालंच तर अलिबाग-मुरूडच्या वाचकांना विनंती. दसऱ्याच्या साफसफाईत माळ्यावर हा 'हनुमान' सापडला तर भंगारवाल्याला देऊ नका. डबी आणि आतलं माहितीपत्रक शाबूत असेल तर मी मूळ किंमत देईन, वर पेणचे पोह्याचे पापड दोन किलो. डिस्कवर चरे असतील तर पापड एक किलो.