हजेरी, ब्लेझर आणि उकडलेली अंडी

फुटबॉल का खेळता, असं विचारलं की मुलाखतीतला प्रत्येक खेळाडू शिस्त, संघभावना, नेतृत्वगुण अशी यादी घडाघडा म्हणून दाखवतो. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या संघात मी राखीव बचावपटू होतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. तरी सरावाला सगळे वेळेआधी हजर.

पहिली प्रेरणा हजेरीची. सामन्याला गेलं की वर्गात न बसता हजेरी लागायची. एवढं पुण्य तीर्थयात्रेतही मिळत नाही. दुसरी, सरावानंतरची केळी आणि उकडलेली अंडी. जिमखान्याचे शिपाईमामा अंडी मोजून देत आणि वहीत सही घेत. गोलकीपरला एक अंडं जास्त मिळे. का, हे कुणी विचारत नसे. विचारणाऱ्यालाच गोलमध्ये उभं करतील ही भीती. तिसरी, विद्यापीठाच्या संघात निवड झाली की मिळणारा ब्लेझर. आमच्या कर्णधाराच्या आईनं निवड व्हायच्या आतच जाहीर केलं होतं, "दोन लगीनं निघतील त्यात!"

साहित्याची मात्र बोंब होती. नडगीला पॅड नव्हते म्हणून मी केमिस्ट्रीच्या जर्नलचा पुठ्ठा फाडून मोज्यात सारायचो. त्या विषयाचा मला झालेला एवढाच उपयोग.

खरं तर कोल्हापुरात फुटबॉलला कारण विचारणंच चूक. कुस्तीच्या या गावात पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावं. पण आज ती घेतली की आखाड्याआधी फुटबॉल संघ आठवतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठा ओस पडतात. वर्ल्डकप आला की गल्लीची ब्राझील-अर्जेंटिना अशी वाटणी होते. १९५० च्या वर्ल्डकपला भारत पात्र ठरूनही गेला नाही. ती हौस आम्ही परक्यांच्या झेंड्यांवर भागवतो.

या पेठाच आमच्या सरांच्या मुळावर आल्या. संघाचा विंगर मंगळवार पेठेचा, स्ट्रायकर शिवाजी पेठेचा. विंगर काही केल्या पास देईना. मध्यंतरात सरांनी त्याला फैलावर घेतलं.

"सर, परवा आमच्या तालमीवर गोल मारलाय त्यानं. त्याला पास देऊ व्हय?"

"अरे, आज तो आपल्याकडनं खेळतोय ना!"

"आज, सर. रविवारी कुणाकडनं?"

सरांनी शिट्टी तोंडात धरली, काढली आणि गुपचूप केळं सोलायला घेतलं.

पास द्यायचा नाही म्हणून विंगर एकट्यानंच चेंडू गोलपर्यंत न्यायला शिकला. पास मिळत नाही म्हणून स्ट्रायकर मागे येऊन चेंडू हिसकावायला शिकला. निव्वळ आकसापोटी दोघं असे तयार झाले की विद्यापीठाच्या निवड समितीनं दोघांनाही उचललं. संघभावनेनं हे साधलं असतं, असं मला वाटत नाही.

पुढे २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला आणि पोरानं फोडलेल्या काचांतही आयांना त्याचं भवितव्य दिसू लागलं.

तेव्हा पालकहो, पोरगं कॉलेजच्या संघात जातो म्हणालं तर प्रेरणा विचारत बसू नका. बरे बूट घेऊन द्या, आणि जर्नल तेवढं कुलपात ठेवा.