सोळाव्या दिवसाची गोळी

आम्हा ज्येष्ठ नागरिकांचा मोर्चा अकराचा होता, म्हणून आमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्या दिवशी सकाळी पाण्याची गोळी घेतली नाही. वाचकांतल्या तरुणांसाठी खुलासा : ही गोळी रक्तदाब उतरवते आणि त्या बदल्यात माणसाला दर वीस मिनिटांनी आडोसा शोधायला लावते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात स्वच्छतागृह आहे. त्याला कुलूप आहे, कुलपाची किल्ली शिपायाकडे आहे आणि शिपाई चहाला गेलेला आहे. तेव्हा सर्वांना आरोग्यसेवा मिळालीच पाहिजे, असं म्हणत निघालेल्या आमच्या मोर्चाचा श्रीगणेशा औषध चुकवून झाला.

त्याआधी घोषणांवरून बराच खल झाला होता. 'आरोग्य आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं' याला निवृत्त मास्तरांनी हरकत घेतली. ज्यांचे बाप जाऊन चाळीस वर्षं झाली, त्यांनी भर रस्त्यात दुसऱ्याचा बाप काढू नये, असं त्यांचं म्हणणं. 'हमसे जो टकराएगा' तर बैठकीतच बाद झाली. आपल्याला कुणी टक्कर द्यावी ही कल्पनाच नको, खुब्याचं हाड आहे, असं तिघे एकदम म्हणाले. 'खुर्ची खाली करा' मात्र एकमताने मंजूर झाली. एप्रिलच्या उन्हात उभं राहिल्यावर ती प्रत्येकालाच हवी असते.

खरं भांडण मात्र निवेदनावरून झालं. मसुद्यात लिहिलं होतं, 'वय, उत्पन्न आणि रेशनकार्डाचा रंग न विचारता सर्वांना मोफत आरोग्यसेवा'. हे वाचताच अठ्ठ्याहत्तरीचे एक सभासद अस्वस्थ झाले. "सर्वांना म्हणजे?" त्यांनी विचारलं. सर्वांना म्हणजे सर्वांना, असं सांगितल्यावर म्हणाले, "मग रांग केवढी होईल!" तेव्हा 'ज्येष्ठांना वेगळी रांग' अशी पुरवणी जोडण्यात आली. दुसरे एक जण म्हणाले, वेगळ्या रांगेत ऐंशीच्या वरच्यांची आणखी वेगळी रांग करा. असं करत करत सार्वत्रिक आरोग्यसेवेच्या निवेदनात एकूण चार रांगा झाल्या. आम्ही सरकारला नावं ठेवतो, पण सरकार आमच्याच घरचं आहे.

वाद मिटवला सिस्टरांनी. सिस्टर म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या परिचारिका. सुई टोचताना बोलायच्या तशाच त्या अजून बोलतात. दुखतं, पण लगेच संपतं. म्हणाल्या, "पंचेचाळिशीतल्या माणसाला साखरेची गोळी दिली नाहीत, तर सत्तरीला त्याला डायलिसिसची खुर्ची द्यावी लागते. आता कुठली रांग लांब होते ते तुम्हीच मोजा." चारही रांगा खोडण्यात आल्या.

निवेदन घेणारे साहेब दुसऱ्या मजल्यावर बसतात आणि लिफ्ट बंद आहे. त्यामुळे शिष्टमंडळाची निवड गुडघ्यांवर झाली. ज्यांचे बदलून झालेत ते आणि ज्यांचे अजून बिघडायचे आहेत ते पात्र. मधले सगळे खाली झाडाखाली. माझे दोन्ही मूळचेच असल्याने मी गेलो. सोबत सिस्टर, मास्तर आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना आम्ही खजिनदार म्हणतो, कारण वर्गणीची डबी त्यांच्याकडे असते.

साहेब चाळिशीचे, अदबशीर. "बसा ना काका. मावशी, पंख्याखाली बसा," म्हणाले. निवेदन वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद पसरला. "पण काका, हे सगळं तर झालंय!"

आणि ते खोटं बोलत नव्हते. बोटांवर मोजत त्यांनी यादी म्हटली. राज्यात २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने जीवनदायी योजना आली, तिचंच पुढे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आता ती पिवळ्या-केशरीच काय, पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे आणि दीड लाखाचे पाच लाख झालेत. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, वर्षाला पाच लाखांचं आयुष्मान 'वय वंदना' कार्ड दिलंय. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरलासुद्धा पैसे पडत नाहीत. ऐकता ऐकता आम्हालाच अपराधी वाटायला लागलं. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "अहो, हार आणायला हवा होता."

तेवढ्यात खजिनदारांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. दहातल्या सहा गोळ्या संपलेल्या, चार शिल्लक. पाकिटाच्या मागे बॉलपेनने वार लिहिलेले. "ही कशात बसते साहेब?"

"ॲडमिट आहात का काका?"

"नाही. मोर्चात आहे."

"मग नाही बसत."

आमच्या सगळ्या चळवळीचं सार या दोन ओळींत आहे, बाकीचा लेख वाचला नाहीत तरी चालेल. पाच लाख आहेत, पण ते आडवं पडणाऱ्याला आहेत. भरती व्हा, शस्त्रक्रिया करून घ्या, केमो घ्या, सरकार उशाशी उभं आहे. पण उभ्याने डॉक्टरला दाखवायला गेलात, म्हणजे ज्याला ओपीडी म्हणतात तिथे गेलात, तर आयुष्मानचं कार्ड तुम्हाला ओळखत नाही. भरती होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच औषधांचा खर्च त्यात धरलेला आहे. सोळाव्या दिवशी गोळी तीच असते, माणूस तोच असतो, फक्त योजना संपलेली असते. आणि म्हातारपणाची गंमत अशी की, ते जवळजवळ सगळं सोळाव्या दिवसातच घडतं. साखर, दाब, थायरॉइड, दमा, कंप ही मंडळी काही शस्त्रक्रियेने जात नाहीत, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांसारखी राहतात आणि रोज गोळी खातात. कवळी, कानातलं यंत्र, फिजिओथेरपीवाल्या पोराची फी, यांना तर कोणी आजारात मोजतच नाही.

सरकारी दवाखान्यात ओपीडी फुकट आहे हे साहेबांनी सांगितलं, तेही खरं. "तपासतात फुकट," सिस्टर म्हणाल्या, "आणि मग 'स्टॉक नाही, बाहेरून घ्या' हेही फुकटच सांगतात." २०२१-२२ च्या सरकारी हिशेबात देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेले दिसतात. २०१३-१४ मध्ये हा आकडा ६४.२ होता. सुधारणा मोठी आहे, मान्य. पण उरलेले ३९.४ ज्या खिशातून जातात त्या खिशाला टक्केवारी कळत नाही, त्याला महिन्याची वीस तारीख कळते.

बोलण्यात वयाचा विषय निघाला आणि आमच्या शिष्टमंडळात फूट पडली. सरकारी दृष्टीने म्हातारपण हा जिना आहे. साठीला राज्य सरकार तीर्थदर्शनाला नेतं. पासष्टीला वयोश्री योजनेत चष्मा, काठी नाहीतर गुडघ्याचा पट्टा घ्यायला एकदाच ३ हजार रुपये मिळू शकतात आणि एसटीचं तिकीट अर्धं होतं. सत्तरीला पाच लाखांचं कार्ड. पंचाहत्तरीला एसटी फुकट. ऐंशीला, दारिद्र्यरेषेखाली असाल तर, केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला हिस्सा महिना २०० रुपयांवरून ५०० वर जातो. प्रत्येक पायरीला बक्षीस आहे, फक्त पोहोचायचं आपण. मास्तर एकोणसत्तर वर्षांचे, म्हणजे एसटीच्या लेखी म्हातारे आणि केंद्राच्या लेखी अजून पोरसवदा. हृदयाला मात्र त्यांच्या हे कोणी कळवलेलं नाही.

त्यातही आधारवरची जन्मतारीख प्रमाण. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्याला तारीख माहीत नाही त्याला १ जून दिला. त्यामुळे निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलं आणि आता एकाच दिवशी सत्तरीत जातं. कोणी दिवाळीत जन्मलेला असेल, कोणी होळीत, कोणी गुरुजींच्या अंदाजापेक्षा दोन वर्षं मोठाही असेल. गुरुजींच्या त्या एका फटकाऱ्यावर आज पाच लाख अडलेत. मास्तर हे ऐकताना खिडकीबाहेर बघत होते. आयुष्यभरात त्यांनीही शे-दोनशे १ जून वाटलेले असणार.

तीर्थदर्शनाबद्दल मला आकस नाही. २०२४ ची योजना, माणशी ३० हजारांपर्यंत खर्च, आमच्यातले दोघे अर्ज करून बसलेत. माझं कुतूहल कागदपत्रांबद्दल आहे. यात्रेला जायचं तर तब्येत ठणठणीत असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. पाच लाख हवेत तर भरती होण्याइतकी तब्येत बिघडल्याचे कागद लागतात. या दोन दाखल्यांच्या मधे जो माणूस आहे, म्हणजे फार बरा नाही आणि फार वाईटही नाही, त्याला कुठलाच दाखला मिळत नाही. आम्ही सगळे त्या मधल्या जागेत राहतो.

"खासगी विमा नाही का काढला?" साहेबांनी सहज विचारलं. काढलाय. कंपनीचं नाव सांगत नाही, अजून तिच्याच भरवशावर आहे. निवृत्त झालो तेव्हा हप्ता महिन्याच्या किराण्याइतका होता, आता वर्षाच्या किराण्याइतका आहे. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा, असं विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावलं. तेव्हापासून माझी कंपनी दहाच्या अलीकडेच थांबते, शिस्तीची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्या दिवशी घरी शिरा केला. आणि नियामकाच्याच कृपेने आता पासष्टीनंतरही नवी पॉलिसी मिळते. जुन्या आजारांसाठी फक्त तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल इतकंच. चौऱ्याहत्तरीच्या माणसाला तीन वर्षं थांबा म्हणायला धीर लागतो. तो विमावाल्या पोरांकडे असतो.

मास्तरांना इतिहास सांगितल्याशिवाय उठवत नाही. त्यांनी भोर समिती काढली. ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्या समितीने १९४६ साली लिहून ठेवलं. तो अहवाल माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा आहे. वय वंदना कार्डाला तो केव्हाच पात्र झाला, आणि त्यालाही कोणी ओपीडीत घेतलेलं नाही. मग १९७८ चा आल्मा-आटा जाहीरनामा, मग 'सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य', मग २०१७ चं धोरण, ज्यात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं वचन होतं. दोन्ही सालं आम्ही पाहिली. सालं येतात, वचनं प्रकृतीच्या कारणास्तव अनुपस्थित राहतात. आमचे सभासद सहलीला थायलंडला जातात, बँकॉकच्या बुद्धाचे शंभर फोटो आणतात. तिथल्या सरकारने २००२ पासून ३० बाहतमध्ये दवाखाना उघडून दिला, त्याचा फोटो अजून एकाही अल्बममध्ये दिसलेला नाही.

एका ठिकाणी मला विनोद करवत नाही. बुलढाण्यात भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेतल्या पेन्शनरांनी २४ डिसेंबर २०१८ ला साखळी उपोषण सुरू केलं. गिरण्या, साखर कारखाने, एसटी यांत हयात घालवलेली माणसं. त्यांच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिना १ हजार रुपये. मागणी साडेसात हजार अधिक महागाई भत्ता, आणि नवरा-बायकोला मोफत उपचार. साखरेचा आजार असलेला माणूस औषधासाठी उपाशी बसतो, हे ज्याला विनोदी वाटेल त्याने लिहावं.

आमच्या निवेदनावर आवक क्रमांक पडला. शिक्का इतका फिका उमटला की, खजिनदारांनी तो पुन्हा मारायला लावला. साहेबांनी वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवतो म्हणून सांगितलं आणि जिन्यापर्यंत सोडायला आले. तिथे हळूच विचारलं, "मावशी, माझ्या आईची साखर तीनशेच्या खाली येत नाही. वय चौसष्ट. काय करू?" सिस्टर जिन्यातच थांबल्या, आणि आमच्या मोर्चाची पहिली ओपीडी दहा मिनिटं चालली.

पुढचा मोर्चा १ जूनला आहे. त्या दिवशी निम्म्या जिल्ह्याचा वाढदिवस असतो, गर्दी जमेल. साठीच्या आतल्यांनीही यावं. घोषणांना स्वतःचे दात असलेली माणसं कमी पडतात. सकाळची पाण्याची गोळी मात्र घेऊनच या. शिपायाला किल्लीचं सांगून ठेवलंय.