भिंतीवरचे हात

खुब्याचं ऑपरेशन होऊन आई वॉकर घेऊन घरी आली आणि पुढच्याच आठवड्यात आमचं घर तपासायला एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आली. पंचविशीची मुलगी, हातात इंचटेप. आईला वाटलं, पडद्यांची मापं घ्यायला आलीय. तिने लगेच रंगही सांगून टाकला.

"आजी, मी घर तपासायला आलेय."

"घराला काय झालंय? पडले मी."

मुलगी हसली, पण वहीत काहीतरी लिहिलं. खालून वर येईपर्यंत तिचं एक पान भरलंच होतं. इमारतीच्या दारात सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या. शेजारी स्कूटर चढवायला केलेला सिमेंटचा उतार. ती म्हणाली, "काका, रॅम्पला इंचभर उंचीमागे फूटभर लांबी लागते." म्हणजे १८ इंचांना १८ फूट. तेवढ्या अंतरात सेक्रेटरींची गाडी उभी असते. आमचा उतार चार फुटांचा; त्यावर स्कूटरसुद्धा कण्हतच चढते.

लिफ्ट आहे, पण मागाहून बसवलेली, त्यामुळे ती जिन्याच्या वळणावर थांबते. नऊ पायऱ्या चढा, नाहीतर नऊ उतरा. तळमजल्याने लिफ्टचा खर्च का द्यावा यावर आमच्या तीन सभा गाजल्या होत्या. लिफ्ट थांबणार कुठे, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. तेव्हा त्या नऊ पायऱ्या आमच्या पायांच्या हिशेबातच नव्हत्या.

घरात आल्यावर ती खाली वाकून दाराचा उंबरठा मोजू लागली. इंचभराचा. पण पाय घासत चालणाऱ्याला इंचही पुरतो. "काढता येईल?" असं तिने विचारलं मात्र, आई वॉकरवर सरळ झाली. "माझी सून माप ओलांडून आली ती याच उंबऱ्यावरून." मुलीने माघार घेतली. निदान पायाला दिसेल अशी एक पिवळी पट्टी तरी लावू, म्हणाली.

"अगं, दर शुक्रवारी हळद लावायचे मी त्याला. हल्ली वाकवत नाही म्हणून कोरडा राहिलाय."

मुलगी क्षणभर गप्प झाली. मग वहीत 'पिवळी पट्टी' खोडून 'हळद, सुनेने लावावी' असं लिहिलेलं मी डोकावून वाचलं.

व्हीलचेअर वळायला पाच फुटांचा मोकळा गोल लागतो. उद्या वेळ आलीच तर असावा, म्हणून ती तो शोधत होती. अख्ख्या घरात असा गोल एकाच जागी सापडला, तोही आमच्या लग्नात आलेला टीपॉय हलवल्यावर. सव्वीस वर्षं त्याच्या कोपऱ्यावर सगळ्यांच्या नडग्या आपटल्या, पण आहेराची वस्तू म्हणून तो टिकला होता. बाथरूमचं दार अडीच फुटांचं. चौकट आणि उघडी फळी वजा जाता उरले २७ इंच. "खुर्ची जाईल की," मी म्हणालो. "खुर्ची जाईल, काका. चाकं फिरवणारे हात कुठे जातील?"

आईने तोवर मोरीत पाटावर बसून अंघोळ करण्याचे फायदे सांगायला घेतले होते. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण त्यांत हट्ट नाही. असता तर आमच्या घराला दोन प्रमाणपत्रं मिळाली असती. पाटाची जागा शेवटी प्लास्टिकच्या उंच खुर्चीने घेतली. 'तिच्यावर पाटच आहे असं समजा' या अटीवर.

मग आधाराच्या दांड्यांचा विषय निघाला. त्या कुठे बसवायच्या? मी पेन्सिल घेऊन सरसावलो. ती म्हणाली, "थांबा, आजींनी खुणा केल्याच असतील." आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीवर तिरका धरून पॅसेजमधून चालू लागली.

मी कसनुसा झालो. होत्या ना खुणा! बेडरूमच्या चौकटीपाशी, बेसिनच्या डाव्या अंगाला, स्वयंपाकघराच्या वळणावर, कमरेच्या जरा वर तेलकट काळपट डाग. आई किती वर्षं भिंतीचा हात धरून चालत होती! आणि दर दिवाळीला 'हिचे हात भिंतीला का लागतात' असं कुरकुरत आम्ही ते रंगवून टाकत होतो. यंदाचीही पुट्टी आणून ठेवली होती. बाल्कनीत.

"अरे, मला वाटायचं मी भिंतीला धीर देतेय," आई म्हणाली.

एकेका डागावर पेन्सिलीने फुली पडत गेली. पाच झाल्या. सहावी खूण बेडरूममध्ये, कपाटाशेजारी. तिथे मुलगी थबकली, टेप लावली, आईच्या खांद्याकडे पाहिलं, पुन्हा टेप लावली.

"आजी, हा तुमचा नाही. बराच वर आहे."

रोज सकाळी पँट चढवताना मी एका पायावर उभा राहतो ती जागा. मी पेन्सिल कानामागे खोचली आणि चहा कोण कोण घेणार, ते विचारायला आत गेलो.